चार सुताची धार

नाशिक जिल्ह्यात निसर्गाच्या हातून बर्फ तयार होतो तो निफाडकडे, आणि तोही द्राक्षाच्या पानावर. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे पारा इतका खाली उतरतो की पडलेलं दव पानावरच गोठतं. मग शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक चालू करतो आणि आभाळाकडे बघून जे बोलतो ते छापता येत नाही. या सगळ्या बर्फाचा गोळा केला तर एक वाटी भरायची नाही. अशा जिल्ह्याच्या गावी, गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या डोक्यावर मी आइस स्केट्सना धार लावायचा कारखाना काढला.

‘कारखाना’ हा माझा शब्द. हिचा शब्द ‘पसारा’.

सातपूरला एका कंपनीच्या टूल रूममध्ये एकतीस वर्षं मी ग्राइंडिंग केलं. रिटायर झालेला बँकवाला शेजाऱ्यांचे फॉर्म भरून देतो, रिटायर झालेला मास्तर नातवंडांना छळतो. रिटायर झालेल्या टूल रूमवाल्याला मात्र घरात काहीच सापडत नाही, कारण घरात सगळं अंदाजे असतं. मी पहिल्या महिन्यात सगळ्या दारांच्या फटी फीलर गेजने मोजल्या. दुसऱ्या महिन्यात पोळीची जाडी मोजायला व्हर्नियर काढला, तेव्हा हिने मुलीला फोन लावला आणि आमची कॅनडाची तिकिटं निघाली.

मुलगी मिसिसागाला असते. नात नऊ वर्षांची. आपल्याकडे या वयात पोरीला अबॅकसला घालतात, तिकडे हॉकीला घालतात. रविवारी पहाटे सहाला सराव, आणि तो बघायला आजी-आजोबांनी बाकावर बसायचं. बाहेर उणे पंधरा आणि आत मुद्दाम यंत्र लावून केलेला गारठा, म्हणजे फ्रीजच्या बाहेर डीप फ्रीज. मधूनच एक ट्रॅक्टरसारखी गाडी येऊन त्या बर्फावर चक्क गरम पाणी सोडून गेली. गरम पाण्याने वरचा थर जरासा वितळतो, चरे बुजतात आणि गोठल्यावर काच तयार होते. ही गाडी कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनीने 1949 साली तयार केली, असं जावयाने सांगितलं. हिला तो प्रकार फार आवडला. “सारवणच की हो,” म्हणाली.

मला मात्र बर्फापेक्षा कोपऱ्यातलं काउंटर दिसलं. तिथे कानात काहीतरी खुपसलेला एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा स्केट्सना धार लावत होता. बूट आडवा करून शिकंजात अडकवला, फिरत्या व्हीलवरून सर्र सर्र चार हात मारले आणि बूट परत. दहा डॉलर. त्याने व्हीलला डायमंड मारला नाही, घासून कडेला उरलेली बर्र काढली नाही, दोन्ही कडा सारख्या आल्या का तेही बघितलं नाही. मी जावयाला म्हटलं, “हा आमच्याकडे असता तर पहिले सहा महिने नुसता झाडू मारत बसला असता.” जावई म्हणाला, “बाबा, इथे सगळे याच्याकडेच करतात.” मग मी बेसमेंटमध्ये एक छोटं मशीन बसवून द्यायची तयारी दाखवली. जावई विम्याच्या कंपनीत आहे. ‘लाकडी घर’ आणि ‘ठिणग्या’ हे दोन शब्द एका वाक्यात ऐकून तो इतका नम्रपणे नाही म्हणाला की मला त्याचा आदरच वाटला.

शेवटी नातीला लहान झालेले जुने स्केट्स बॅगेत घालून मी परत आलो. बेत असा की नाशकात हात बसवायचा, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तिचे चालू स्केट्स मागवून, घासून परत पाठवायचे. कॅनडाला जाणाऱ्या माणसांचा नाशकात तुटवडा नाही. मुंबईला विमानतळावर अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली.

“हे काय?”

“बर्फावर चालायचे बूट.”

“कुठे चालणार?”

“नाशिकला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि बॅगेची चेन स्वतः लावून दिली.

आता धारेचं सांगतो, कारण तिथे भल्याभल्यांची गफलत होते. आमच्या सोसायटीत वर्ष-सहा महिन्यांनी एक धारवाला येतो. सायकल स्टँडवर घेतो, पेडल मारतो आणि हँडलपुढचा दगड फिरवतो. त्याला मी स्केट दाखवला. त्याने पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “काका, याला धारच नाही. पार सपाट आहे. सुरीसारखी टोकदार काढून देऊ का?” मी बूट पोटाशी धरून दोन पावलं मागे सरलो.

सुरीला, विळीला एक धार असते. स्केटच्या पात्याला दोन असतात. पातं जेमतेम पावणेतीन-तीन मिलिमीटर जाड, आणि त्याच्या तळाला लांबीभर एक पन्हाळ कोरलेली असते, नळीचं कौल उताणं ठेवल्यासारखी. पन्हाळीच्या दोन्ही काठांना ज्या कडा येतात त्या धारा. सरळ जाताना दोन्ही कडा बर्फावरून घसरतात, वळताना पाय कलला की एकच कड बर्फात रुतते. ती रुतली म्हणून माणूस वळतो, नाही रुतली की माणूस तसाच सरळ जाऊन भिंतीला भेटतो.

या पन्हाळीचा गोलवा हॉकीवाले बहुधा अर्ध्या इंचाच्या त्रिज्येचा ठेवतात. अर्धा इंच म्हणजे आपले चार सूत. पाच सूत केला तर पन्हाळ उथळ होते, घसरायला बरं, पण पकड कमी. तीन सूत केला तर पकड दांडगी, पण पायात ओढ लागते, गडी लवकर दमतो. आणि चार सुताच्या गोलव्याने पन्हाळीची खोली येते किती? मी गणित केलं. तीन थाऊ. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले तीन, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढी. पोरगी बर्फावर उभी राहते ती एका केसाच्या खोलीवर. हे मी हिला मोठ्या भक्तिभावाने सांगितलं. हिने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि “जपून वापरा” एवढंच म्हणाली.

फिगर स्केटिंगचं पातं वेगळं, त्याला पुढे दाते असतात. नातीच्या मैत्रिणीचं पाहून हिने ती नारळाची खवणी समजली होती, आणि खरं सांगायचं तर फार चूक नव्हती. शर्यतीच्या स्केट्सचं काम सगळ्यात सोपं. त्यांना पन्हाळच नसते, तळ सपाट. दोन्ही बूट एका चौकटीत उलटे शेजारी-शेजारी आवळायचे आणि दोन्ही पात्यांवरून एकच लांब दगड हाताने फिरवायचा. 2024 च्या फेब्रुवारीत लेहला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा झाल्या, तिथे आपल्या महाराष्ट्राच्या पोरांनी बर्फावर पदकं मिळवली. ज्या राज्यात बर्फ उसाच्या रसात असतो तिथली पोरं ही. बहुतेकांचा पाया चाकांच्या स्केट्सवर, सिमेंटवर पक्का झालेला. पण आमच्या नातीची हॉकी, म्हणजे पन्हाळ आली, म्हणजे मशीन आलं.

अंबड लिंक रोडकडच्या भंगारातून अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणली. स्केटला व्हील आडवं फिरावं लागतं, जात्यासारखं, म्हणून मोटर उभी करून भिंतीला ब्रॅकेट ठोकून बसवली. खाली वॉशिंग मशीन होतं, दुसरी जागाच नव्हती. व्हील अॅल्युमिनियम ऑक्साइडचं. म्हणजे जुन्या शिकलगारांच्या सराणेवर जो कुरुंद असायचा, त्याचाच कारखान्यात शिकलेला भाऊ. व्हीलच्या कडेला चार सुताचा गोलवा द्यायला हिऱ्याचा ड्रेसर लागतो. तो मी स्वतः केला. घोड्याच्या नालेसारखा एक हात, दोन टोकांना खिळी, मध्ये हिऱ्याची कणी. हात वर-खाली झुलवला की कणी व्हीलची कड गोल कापते. हिरा म्हटल्यावर ही पहिल्यांदाच गॅलरीत आली. कणी बघून परत गेली.

समोर मुलीचं दहावीच्या अभ्यासाचं टेबल ठेवलं, त्यावर पोलादी पाटा, आणि पाट्यावरून सरकणारा शिकंजा. बूट आडवा, पातं व्हीलच्या कडेच्या बरोबर मध्यावर. यातला ‘बरोबर मध्यावर’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. घासताना दाबायचं नाही, हलक्या हाताने पुढे न्यायचं. दाबलं की पातं तापतं, निळं पडतं, पोलादाचं पाणी उतरतं, आणि उतरलेलं पाणी गॅलरीत काही परत चढत नाही. शेवटी बारीक दगडाने बाजूची बर्र काढायची, मग कडांवर आडवी पट्टी ठेवून ती पात्याशी काटकोनात बसते का ते गुण्या लावून बघायचं. पहिल्या जोडीला मी ते अकरा वेळा बघितलं.

सोसायटीने तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी नोटीस लावली: ‘सदनिकेत औद्योगिक उत्पादन करू नये.’ मी लेखी उत्तर दिलं की अद्याप काहीही उत्पादन झालेलं नाही. ते खरंच होतं.

कारण धार लागली की नाही हे कळणार कसं? सुरी टोमॅटोवर बघतात, वस्तरा गालावर. स्केट बर्फावरच बघावा लागतो. फ्रीजच्या ट्रेमधल्या चौकोनांवर बूट ठेवून पाहिला, हिने तो ट्रे नंतर वापरलाच नाही. मग मी बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथे हौदात मिठाचं गार पाणी, त्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले, डब्यांत गोडं पाणी. मिठामुळे बाहेरचं पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही, डब्यातलं मात्र गोठतं. मी अर्धी लादी मागितली. गड्याने आधी विचारलं, “लग्न आहे का?” नाही म्हटलं. “रसवंती?” नाही. मग त्याने आवाज खाली आणला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, “कधी झालं, काका?”

मला उलगडा व्हायच्या आत त्याने पैसे कमी करून घेतले आणि दोन माणसं बरोबर दिली.

भरदुपारी दोन माणसं गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन जिना चढताहेत आणि मागून मी, घामाघूम, पडलेल्या चेहऱ्याने. पडलेला अशासाठी की लादी दर पायरीला वितळत होती. हे पहिल्या मजल्याने पाहिलं. दुसऱ्या मजल्याने दार उघडून हात जोडले. मी लादी थेट गच्चीवर नेली. अर्ध्या तासाने खालून चपलांचे आवाज यायला लागले. सगळ्यात पुढे सेक्रेटरी, पांढऱ्या सदऱ्यात. गंमत अशी की ही त्या दिवशी पंचवटीत बहिणीकडे गेली होती. सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वहिनी?” एवढंच विचारलं.

“पंचवटीला गेली,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मागे दोघींनी पदर लावले. पंचवटीला अमरधामही आहे, हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

समजूत काढण्यापेक्षा दाखवणं सोपं म्हणून मी बूट उचलला आणि लादीवर ठेवला. लांबीच्या दिशेने ढकलला तर लोण्यावरून गेल्यासारखा गेला. जरा कलता करून आडवा ओढला, तर कड रुतली आणि भुरभुरीत, शुभ्र कीस उडाला. गच्ची शांत झाली. एकतीस वर्षांत माझ्या कुठल्याही कामाकडे इतक्या माणसांनी एकदम पाहिलेलं नव्हतं. तेवढ्यात तळमजल्यावरच्या चौथीतल्या पोराने ओंजळ पुढे केली. “आजोबा, गोळा!”

पाच मिनिटांत कुणीतरी काला खट्टाची बाटली आणली, कुणी आइस्क्रीमच्या काड्या. बर्फ कारखान्यातला, तो खाऊ नये, असं मी दोनदा म्हटलं, पण समाचाराला आलेल्या माणसाला उपाशी पाठवू नये हाही संस्कार आहेच. सेक्रेटरींनी रिवाज म्हणून एक घेतला आणि मग आवड म्हणून दुसरा. पाच वाजता ही परत आली, आवाज ऐकून गच्चीवर चढली, आणि आपल्या समाचाराला जमलेल्या मंडळींचे जांभळे ओठ तिने पाहिले. सगळं ऐकून घेतल्यावर तिचा एकच प्रश्न होता: “रडलं कोण कोण?”

बर्फासाठी वेडेपणा करणारा मी काही पहिला नव्हे, हे मी तिला त्या रात्री समजावून सांगितलं. 1833 साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने तिकडचा नैसर्गिक बर्फ ‘टस्कनी’ नावाच्या जहाजात दडपून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. 180 टन निघाला, शंभराच्या आसपास पोचला. पुढे आपल्या मुंबईतही अमेरिकेचा बर्फ आला, त्याच्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं. हिने शांतपणे ऐकलं. “त्याला नफा झाला ना पण?” म्हणाली. झाला होता.

मला नफा नाही, गिऱ्हाईक मिळालं. गच्चीची बातमी फुटल्यावर पहिला आला तो कोपऱ्यावरचा गोळेवाला, रंध्याचं पातं घेऊन. बर्फ किसायचं पातं आणि माझा स्केट म्हणजे तसे चुलतभाऊच, त्याचं काम मी आनंदाने केलं. मग विळ्या आल्या. बायका वर्षानुवर्षं कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी घासून वेळ मारून नेतात. त्यांना धार लावून दिली तर पहिल्या दिवशी तिघींची बोटं कापली आणि पुन्हा एक नोटीस लागली. अडकित्ते आले. सप्टेंबरच्या शेवटी पिंपळगावचा जुना मित्र ऑक्टोबर छाटणीच्या अडतीस कात्र्या गोणीत घालून आला. छाटणीच्या कात्रीचं एकच पातं घासायचं असतं, तेही उताराच्या बाजूनेच. सपाट बाजूला दगड लावला की दोन पात्यांत फट पडते आणि काडी कापायच्या ऐवजी चिरडते. अडतिसांतल्या बावीस कात्र्या कुणीतरी दोन्ही बाजूंनी घासलेल्या होत्या. मी त्या मित्राशी दोन दिवस बोललो नाही.

नोव्हेंबरात नातीचे चालू स्केट्स आले. तिच्या शाळेतल्या कुणाचे काका नाशिकरोडला लग्नाला आले होते, सोमवारी परत निघणार होते. आणले शनिवारी रात्री. रविवारी सकाळी मी व्हीलला हिरा मारला, बूट आवळले, चार हात मारले. ठिणग्या फुलबाजीसारख्या. बर्र काढली. गुण्या आत कपाटात होता आणि हिचं कपाटापुढे देवघर पुसणं चाललं होतं. मी पात्यावरून नख फिरवलं, एक डोळा मिटून कड पाहिली. एकतीस वर्षांचा डोळा आहे, म्हटलं, त्याला गुण्या कशाला. बूट रवाना झाले.

पुढच्या सोमवारी पहाटे साडेपाचला फोन. तिकडे रविवारची संध्याकाळ.

“आजोबा, लेफ्टला सुपर आहे,” नात म्हणाली. “एकदम शार्प.”

“आणि उजवीकडे?”

“राइटला मी पडते.”

मॅचभर ती डावीकडेच वळत होती म्हणे. उजवीकडे जायचं असेल तर डावीकडून पाऊण गिरकी घेऊन जायची. कोचने विचारलं, हे कुणी केलं, तर नातीने अभिमानाने सांगितलं, माझ्या इंडियातल्या आजोबांनी. मग काउंटरवरच्या त्याच पोराने ते सरळ करून दिले. जावयाने काही म्हटलं नाही, फक्त दहा डॉलरच्या पावतीचा फोटो पाठवला.

मी गॅलरीत जाऊन बसलो. दोन्ही बुटांची डावी कड वर राहिली होती, म्हणजे पातं व्हीलच्या मध्यावर नव्हतं. पण मशीन मी स्वतः बसवलेलं. मोटर भिंतीला, ती हलणार नाही. मग टेबल? लेव्हल बॉटल आणली, फूटपट्टी आणली. तासाभराने सापडलं. गॅलरीच्या फरशीला पावसाचं पाणी जायला उतार असतो, मीटरमागे सेंटीमीटरभर. टेबल भिंतीकडे चार बोटं सरकलं की तीस थाऊ वर उचललं जातं. तीस थाऊ उंची चुकली की दोन कडांत सहा थाऊंचा फरक पडतो. सबंध पन्हाळ तीन थाऊंची, आणि मी तिला सहाने कलंडून ठेवली होती.

टेबल सरकवलं कुणी, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या मावशी रोज सकाळी ते पुढे ओढून मागचा केर काढतात आणि मग परत भिंतीकडे लोटतात. लोटताना अर्थातच अंदाजाने. कधी चार बोटं, कधी दोन. पहिली जोडी नीट आली तेव्हा त्या आठवडाभर गावाला गेल्या होत्या, हेही आठवलं.

त्याच दुपारी मी पिवळा ऑइलपेंट आणला आणि गुडघे टेकून टेबलाच्या चारही पायांभोवती फरशीवर नेमक्या चौकटी रंगवल्या. कंपनीत मशीनभोवती असतात तशा. हिला सांगितलं, मावशींना सांग, टेबल बाहेर काढा, खुशाल झाडा, पण पाय परत चौकटीतच आले पाहिजेत. हिने निरोप दिला असावा, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी फिरून आलो तर मावशी गॅलरीतून घाम पुसत उठत होत्या. हातात तारेची घासणी, शेजारी रॉकेलचं बोळकं.

“काका, फरशीवर कसला तरी पिवळा रंग सांडला होता तुमच्याकडून,” त्या म्हणाल्या. “लई चिवट होता. पण काढला सगळा.”